भंगारातून गाडी बनवली, पण ती रस्त्यावर चालवता येते का?

अमेरिकेतल्या हॉट रॉड शोच्या रील्स तुमच्याही फीडवर आल्या असतील. मडगार्ड काढलेली १९३२ ची फोर्ड, बॉनेटशिवाय उघडं इंजिन आणि भोवती गर्दी. मग प्रश्न पडतो, असं काही धाराशिवात करता येईल का?

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते बघू. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी अशा जुन्या गाड्या घेतल्या, वजन कमी करायला पत्रे उतरवले आणि कोरड्या पडलेल्या तलावांवर शर्यती लावल्या. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची संघटनाही झाली. आज तिथल्या बऱ्याच राज्यांत अशा गाड्यांची वेगळी नोंदणी होते.

आपल्याकडं असं कुणी केलंय का?

केलंय की. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलासाठी भंगारातून छोटी जीप बनवली. खर्च साधारण ६० हजार आणि स्टार्ट करायला दुचाकीसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी शेअर केला. कौतुक करतानाच त्यांनी लिहिलं, की गाडी नियमात बसत नसल्याने प्रशासन आज ना उद्या ती थांबवेल. म्हणून त्यांनी जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही.

मग नियम नेमका काय आहे?

आपल्याकडं कुठल्याही मॉडेलला विक्रीआधी चाचणी पास करावी लागते. पुण्यातली एआरएआय ही अशीच एक चाचणी संस्था. घरी बनवलेली गाडी या वाटेने आलेलीच नसते, त्यामुळे नोंदणी अडते. आणि नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही.

कंपनीच्या गाडीत बदल करायचे असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. गाडीचं मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए नुसार अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

एमएच-२५ पाटीची गाडी असेल तर काय चालतं?

- रंग बदलणं: चालतं, पण आरसी बुकवर रंगाची नोंद असते. आरटीओत जाऊन ती बदलून घ्या.
- सीएनजी किट: मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर आणि आरसीवर नोंद, या तिन्ही गोष्टी हव्यात.
- इंजिन बदलणं: आरटीओची परवानगी लागते.
- दिव्यांग व्यक्तीसाठी बदल: कायद्यात यासाठी वेगळी तरतूद आहे.
- छत कापणं, चॅसिस वाढवणं: नाही.
- फटाके फोडणारा सायलेन्सर: नाही. आवाजाच्या नियमांखाली वेगळी कारवाई होते.

दंडापेक्षा मोठा धोका इन्शुरन्सचा आहे. कंपनीला न कळवता बदल केले आणि अपघात झाला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. तेव्हा लाखांचं बिल मालकाच्या अंगावर येतं.

आजोबांची जुनी गाडी असेल तर?

२०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी २० हजार. रॅली आणि प्रदर्शनाला ती नेता येते, रोज वापरता येत नाही. अट एकच, गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे कापून-जोडून केलेली हॉट रॉड इथेही बसत नाही.

थोडक्यात, अशी गाडी बनवून आवारात ठेवा किंवा टेम्पोवर चढवून प्रदर्शनाला न्या. पण रोजच्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनी, दोघांना विचारा. गॅरेजवाला "काय होत नाही" म्हणाला तरी आरसीवर नाव तुमचं असतं.