धार आणि कोन : मुंबईच्या स्वयंपाकघरातील एक रीत व तिचा शेतीस उपयोग

शेतीच्या अवजारांचा विचार निघाला म्हणजे नांगर, कुळव, पाभर यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु विळा, कोयता आणि कलमाचा चाकू यांच्या धारेकडे सहसा कोणी लक्ष पुरवीत नाही. धार गेली की हाताशी येईल त्या दगडावर पाते चार वेळा घासावे आणि कामास लागावे, अशीच बहुतेक ठिकाणी रीत आहे. मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील काही घरांतून सुऱ्यांना धार लावण्यासाठी कोन बांधून देणारी साधने आता वापरली जातात. साधन शहरातील असले तरी त्यामागील तत्त्व खेड्यातील सुतार व न्हावी यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. शेतकऱ्यास ते आपल्या अंगणात, जवळपास फुकट, अमलात आणता येण्याजोगे आहे.

या भागांत भाजी, मासे, नारळ हे सर्व काम पूर्वी विळीवर होत असे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांची जेवणे बनविणाऱ्या खाणावळवाल्या बायका दररोज कित्येक माणसांपुरती भाजी एकाच विळीवर चिरीत. प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या त्या याच बायका. अशा घरात बोथट विळी म्हणजे दुप्पट वेळ आणि कापलेली बोटे. बोथट पात्याने जखम कमी होते ही समजूत चुकीची आहे. पाते बोथट असले म्हणजे जोर अधिक लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात घसरला की जखम खोल होते.

पुढे चाळीतल्या खोलीत उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला आणि विळीची जागा हळूहळू सुरीने घेतली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळींच्या जागी उंच इमारती उठल्या, तसा हा बदल अधिकच पसरला. विळीचे पाते जाड व मजबूत. त्यास धारवाल्याचे चाक पुरत असे. सुरीचे पाते पातळ असते. सायकलच्या पायट्याने फिरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर ते वरचेवर टेकविले तर दोन तोटे होतात. एक तर पोलाद नको तितके झिजते. दुसरे असे की, घर्षणाने धार तापते. कडेवर निळसर झाक दिसली म्हणजे तेथील उष्णता सुमारे ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत गेली असे समजावे. लोहाराने पाणी देऊन पोलादास आणलेला कठीणपणा तेवढ्या भागात उतरतो, आणि ती धार दोन दिवसही टिकत नाही. दोष धारवाल्याच्या कसबाचा नव्हे. चाक कोरडे राहते आणि गिऱ्हाइकाला घाई असते.

धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जेथे एकमेकींस मिळतात ती रेषा होय. त्या बाजू किती कलत्या घासल्या आहेत यावर सर्व अवलंबून असते. भाजीच्या सुरीस प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन योग्य, तर फांद्या तोडण्याच्या कोयत्यास २५ ते ३० अंश. कोन लहान असेल तर धार तीक्ष्ण पण नाजूक होते. मोठा असेल तर ती दणकट होते, परंतु कापण्यास जड जाते. दगड कोणता घ्यावा याची चिंता लोक फार करतात. खरी अडचण निराळीच असते. हाताने घासताना पहिल्या वेळी पाते १५ अंशांवर, दुसऱ्या वेळी २५ अंशांवर टेकते आणि धारेची कड सपाट न होता गोलावते. तासभर घासूनही सुरी का कापत नाही, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

न्हाव्याच्या वस्तऱ्यात या अडचणीवरील तोड आधीच बसविलेली असते. वस्तऱ्याची पाठ जाड असते. दगडावर त्याची पाठ आणि धार ही दोन्ही एकदम टेकवून तो घासतात. त्यामुळे कोन चुकण्यास जागाच उरत नाही. शहरात मिळणारे साधन हेच काम निराळ्या तऱ्हेने करते. त्यात सुरीची पाठ एका चिमट्यात घट्ट धरतात, दगडाची पट्टी एका सळईवर बसवितात आणि ती सळई ठरावीक उंचीच्या भोकातून जाते. अशा एका प्रचलित साधनात १७, २०, २५ आणि ३० अंशांची भोके असतात. पाते स्थिर राहते, दगड मात्र बांधलेल्या वाटेने येतो-जातो.

हे साधन वापरताना पात्याच्या कडेस प्रथम पेनाची शाई लावावी व दगड दोन-तीन वेळा फिरवून पाहावे. शाई अगदी टोकापर्यंत निघाली तर कोन जुळला. ती केवळ वरच्या भागात निघाली तर कोन लहान पडला, आणि टोकाशीच निघाली तर मोठा झाला, असे समजावे. मग भरड दगडाने एकाच बाजूस घासावे. पलीकडच्या बाजूस बोटाच्या पेराला अतिसूक्ष्म खरखरीत कड लागू लागली की बाजू बदलावी. बोट पाठीकडून धारेकडे हलकेच न्यावे, धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये. ती कड मुठीपासून टोकापर्यंत सलग येईपर्यंत बारीक दगड घेऊ नये. बहुतेकांची चूक याच ठिकाणी होते. नंतर बारीक दगडाने, हात हलका ठेवून, दोन्ही बाजू आळीपाळीने घ्याव्या आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे. सुरी लांब असेल तर चिमट्यापासून दूरच्या भागात कोन कमी होतो. म्हणून ती दोन जागी धरून घासणे बरे. दगड धरताना बोटे त्याच्या मुठीवरच असावीत, कडेवर येऊ देऊ नयेत.

साधन विकत न घेता

ज्या शेतकऱ्यास हे साधन घ्यावयाचे नाही त्याने एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे. सपाट दगडावर धार टेकवून पात्याची पाठ पात्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी उचलली तर कोन सुमारे साडेएकोणीस अंशांचा होतो. चौथ्या हिश्शाइतकी उचलली तर साडेचौदा अंशांचा, आणि निम्मी उचलली तर बरोबर ३० अंशांचा. पाते कितीही रुंद असो, हे प्रमाण बदलत नाही. तीन सेंटिमीटर रुंद सुरी असेल तर एक सेंटिमीटर जाडीचा लाकडी तुकडा पाठीखाली ठेवून कोन डोळ्यांनी ओळखीचा करून घ्यावा.

याहून चांगली युक्ती फळीची आहे. ३० सेंटिमीटर लांबीच्या फळीवर दगड पक्का बसवून फळीचे पुढचे टोक १० सेंटिमीटर उंच करावे. सुरी आडवी धरून तिची धार चढाकडे करावी आणि पाते जमिनीशी समपातळीत ठेवून चढावर न्यावे. दुसऱ्या बाजूसाठी मूठ दुसऱ्या हातात घ्यावी. वीस अंश किती हे माणसाच्या हाताला सांगता येत नाही, परंतु समपातळी डोळ्यास चटकन कळते. गवंडी पाणसळ लावण्यापूर्वी नजरेनेच निम्मे काम करतो ते याच जोरावर.

कलमाच्या चाकूची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो बहुधा एकाच बाजूने उतरता असतो. उतरती बाजूच घासावी. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून केवळ खरखर काढण्यापुरती एक-दोनदा फिरवावी. आंब्याच्या वा काजूच्या कलमात खुंट आणि डोळकाडी यांच्या सालीखालील जिवंत थर एकमेकांस चिकटले पाहिजेत. काप फाटका आला तर मध्ये पोकळी राहते व कलम वाळते. दोष मात्र पुष्कळदा काडीला किंवा हवेला दिला जातो. दादर स्थानकानजीकच्या फुलबाजारासाठी निशिगंध किंवा ग्लॅडिओलस तोडणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. बोथट पात्याने दांडा चिरडतो, त्यातील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दबतात आणि फुले बाजारात पोहोचेपर्यंत मान टाकतात. उसाच्या कोयत्याची धार चांगली असली म्हणजे तोड जमिनीलगत होते; एरवी खोडाचा सर्वांत गोड भाग शेतातच राहतो.

दातेरी विळ्यावर मात्र यातले काहीही करू नये. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा त्याच्या दात्यांनी कापतो. दगडावर घासल्यास ते दाते जातात आणि विळा निकामी होतो. साध्या विळ्याचे पाते वक्र असल्याने तेही चिमट्यात बसत नाही. त्याची मूठ पायाखाली दाबून लांबट दगड हातात धरावा आणि पात्याच्या वळणाप्रमाणे फिरवावा. पाते स्थिर व दगड फिरता, हा न्याय येथेही तोच.

गणपतीस गावी निघणाऱ्या लालबाग-परळच्या चाकरमान्याने दोन बाजूंचा, एक भरड व एक बारीक, असा कार्बोरंडमचा दगड सोबत नेल्यास भातकापणीपूर्वी घरचे साधे विळे-कोयते तयार होतील. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात असे दगड मिळतात. दात पडलेले किंवा फार झिजलेले पाते मात्र लोहाराकडे अथवा धारवाल्याकडेच द्यावे आणि घासताना ते वारंवार पाण्यात बुडविण्यास सांगावे. काम झाल्यावर पाते पुसून कोरडे करावे, खोबरेल तेलाचा हात फिरवावा आणि गोणपाटात गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर आढ्यास खोचावे.