आजार नाही, तरी शस्त्रक्रिया?

लेखमाला : भाग ६

मागच्या भागात आपण बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची तपासणी कशी होते ते पाहिलं. आजचा भाग आहे तो रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या, पण अंगात कॅन्सरचा मागमूसही नसलेल्या बाईसाठी. ती धडधाकट आहे, नोकरी करते, मुलांचे डबे भरते. आणि तिला ठरवायचं आहे की, दोन्ही स्तन आजार होण्याआधीच काढून टाकायचे का.

जनुकीय समुपदेशनाची सुरुवात कागद-पेन्सिलीने होते. बाईसाठी वर्तुळ, पुरुषासाठी चौकोन, व्यक्ती हयात नसेल तर त्यावर तिरकी रेघ. आपल्याकडे या वंशावळीत उत्तरं येतात ती अशी : “मावशीला गाठ झाली होती.” “आत्या पोटात पाणी होऊन गेली.” कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारलेलाच नसतो. वडिलांकडची आत्या तर अनेकींच्या लक्षातही येत नाही. पण हा जनुकदोष बापाकडूनही तितक्याच सहज येतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. ‘पोटात पाणी झालं’ म्हणजे कदाचित अंडाशयाचा कॅन्सर. ती आत्या लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता आकडे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे जनुकदोष असलेल्या सुमारे ९,८०० स्त्रियांची माहिती होती. ८० वर्षं वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के, बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के निघाली. आकडा ऐकूनच पायाखालची जमीन सरकते. पण हा धोका सगळ्या आयुष्यभर पसरलेला आहे. त्याच अभ्यासात दिसलं की, तिशी-चाळिशीनंतर तो दरवर्षी हजार जणींमागे साधारण २० ते ३० जणींना, म्हणजे वर्षाला दोन-तीन टक्के असा राहतो. म्हणून रिपोर्ट आल्यावर पुढच्या सोमवारी ऑपरेशन टेबलावर जायची गरज नसते. विचाराला काही महिने मिळतात. मात्र वर्षामागून वर्षं निघून गेली, तर एकेका वर्षाचा धोका साचत जातो.

शस्त्रक्रियेने स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो. शून्य होत नाही, कारण त्वचेखाली थोड्या पेशी उरतातच. दुसरा रस्ता कडक देखरेखीचा : पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीपासून जोडीला मॅमोग्राम. देखरेख कॅन्सर टाळत नाही, तो लवकर पकडते. तेही आपण चुकवलं नाही तरच. तालुक्याच्या गावाहून दरवर्षी शहरात येणं, एमआरआयचा खर्च, रिपोर्ट हाती येईपर्यंतचे दिवस हे सगळं या पर्यायाच्या किमतीत धरायला हवं.

शस्त्रक्रियेच्या किमतीबद्दल आपण कमी बोलतो. सिलिकॉन बसवून किंवा पोटाची चरबी-त्वचा वापरून स्तनांचा आकार पुन्हा देता येतो, आरशात तो छानही दिसू शकतो. पण छातीवरची संवेदना बहुतेकदा कमी होते किंवा जाते. शेकायची पिशवी जास्त तापली तरी कळत नाही, त्वचा भाजते. बाळाचा गाल छातीला टेकला तरी पूर्वीसारखा जाणवत नाही. अंगावर पाजणं होत नाही. कधी कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणूनच हा निर्णय ‘धाडसी’ आणि ‘भित्र्या’ बायकांमधला नव्हे. कुणाला गमावणं सोसतं आणि कुणाला वाट पाहणं सोसतं, एवढाच फरक आहे. दोघीही शहाण्याच असू शकतात.

आता आत्याकडे येऊ. २०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोलीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहून दोन्ही स्तनांची शस्त्रक्रिया जाहीर केली आणि जगभर चर्चा झाली. तिची आई ५६व्या वर्षी कॅन्सरने गेली होती. २०१५ मध्ये तिने अंडाशय आणि बीजनलिकाही काढून घेतल्या. माझ्या मते आपल्या बायकांनी जास्त लक्षात ठेवायला हवी ती ही दुसरी शस्त्रक्रिया. स्तनासाठी देखरेखीचा खरा पर्याय आहे. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी मात्र नाही. पोटात पाणी होईपर्यंत तो बहुधा कळतच नाही. २०१७च्या त्याच अभ्यासात हा धोका बीआरसीए-१ मध्ये ४४ टक्के, बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के होता. त्यामुळे मुलं झाल्यावर अंडाशय आणि बीजनलिका काढून घेण्याचा सल्ला दिला जातो. बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात. पाळी लवकर जाते, हाडं सांभाळावी लागतात, हेही आधी समजून घ्यावं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रिपोर्टवर ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ लिहिलेलं असेल, तर तेवढ्यावर स्तन काढू नका. तो दोष ठरलेला नसतो आणि पुढे बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतो. समुपदेशक, स्तनाचा सर्जन आणि प्लास्टिक सर्जन, तिघांनाही भेटा. नवरा, आई, सासूबाई सोबत येऊ देत, पण एकदा डॉक्टरांशी एकटीने बोला. अविवाहित मुलीचं ‘लग्न कसं जमणार’ हा प्रश्न त्या खोलीत शेवटी यावा, पहिला नाही.

निघताना ती वंशावळ पुन्हा बघा. तळाच्या ओळीत काही वर्तुळं आणि चौकोन रिकामे आहेत : धाकटी बहीण, भाऊ, भाची, पुतणी. ‘पोटात पाणी झालं’ एवढंच आपल्या वाट्याला आलं होतं. त्यांना त्याहून जास्त कळायला हवं. ते त्यांना कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, ते पुढच्या भागात.