कोऱ्या कापडावरचे गुलनार

ईद जवळ आली की घराघरांतून पडदे उतरतात. काही धुतले जातात, काहींच्या जागी नवे येतात. पलंगावर नवी चादर, तक्क्यांना नवे गिलाफ, पाहुण्यांसाठी ठेवणीतला दस्तरख्वान. या सगळ्यांवर बहुतेक वेळा फुलेच असतात. दुकानात आपण कापड चोळून पाहतो, रंग जाईल का विचारतो, भाव करतो. हे फूल काढले कोणी, एवढे मात्र विचारत नाही.

ते विचारावे म्हणून आम्ही मालेगावच्या एका मुलीला भेटलो. ती टेक्स्टाइल डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि घरसजावटीच्या कापडांसाठी फुलांची छपाई हा तिचा या वर्षीचा प्रकल्प आहे. नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा, म्हणून ते देत नाही. घरी आठ यंत्रमाग आहेत. ते तिचे अब्बू आणि बडे अब्बा मिळून चालवतात.

मागावरून उतरते ते कोरे कापड. मालेगावचे असे कापड तागेच्या तागे पाली, बालोतरा, अहमदाबादकडे जाते. तिथे त्याची धुलाई, रंगाई, छपाई होते आणि मग ते फुले लेवून बाजारात येते. रात्रंदिवस माग चालवणाऱ्याच्या हातात मीटरमागे थोडेच पैसे उरतात. भाव चढतो तो पुढच्या टप्प्यांवर. “आमच्या गल्लीत विणलेलं कापड चादर होऊन परत येतं आणि आम्हीच ते दुकानातून घेतो,” ती हसत म्हणाली. पण या शिक्षणाकडे ती वळली ती याच विचाराने.

बडे अब्बांना हे पटले नव्हते. “फुलं काढून कुणाचं पोट भरलंय?” हा त्यांचा सरळ प्रश्न. त्यात बारावी झालेली मुलगी, बाहेरगावचे वसतिगृह, आणि नात्यात स्थळांची बोलणी सुरू झालेली. शेवटी अम्मीने आपल्या भिशीतून पहिल्या वर्षाची फी भरली. अब्बूंनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. बऱ्याच घरांत परवानगी मिळते ती अशीच.

आणखी एक शंका नात्यातल्या एका बाईंनी काढली : चित्रे काढणे दीनच्या दृष्टीने बरे आहे का? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही जुने आहे. सहीह बुखारीत दोन प्रसंग आले आहेत. आदरणीय आयशा (रजि.) यांनी घरात सजीवांची चित्रे असलेला पडदा लावला होता. प्रवासाहून परतल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांना तो आवडला नाही, तो उतरला आणि त्याच कापडाच्या उश्या झाल्या. दुसऱ्या प्रसंगात चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस आदरणीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे येतो. प्रेषितांचा इशारा ऐकून तो घाबरतो, तेव्हा ते त्याला झाडे आणि ज्यात रूह नाही अशा वस्तू काढण्याची वाट दाखवतात. म्हणजे कारागिराची रोजी चालू राहिली, विषय बदलला. मशिदींच्या भिंतींवर, मुसहफच्या हाशियांवर आणि गालिच्यांवर जी वेलबुट्टी बहरली तिच्यामागे हा विचार आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्या देशात तर या फुलांना राजदरबारी मान होता. १६२० च्या वसंतात जहांगीर काश्मीरला गेला आणि त्याच्या हुकमावरून उस्ताद मन्सूरने तिथली शंभराहून अधिक फुले चितारली. त्याने काढलेले लाल ट्यूलिप आजही अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. मोकळ्या जमिनीवर एकच फुललेले रोपटे, मुळापासून कळीपर्यंत, ही तऱ्हा पुढे शाहजहानच्या काळात संगमरवरावर, शालींच्या पदरांवर आणि तंबूंच्या कनातींवर पसरली. फार लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगरचा बिबी का मकबरा पाहायला गेलात तर भिंतींवरच्या गचकामातली फुले जरा थांबून पाहा.

छापील कापडाचा इतिहास याहूनही रंजक आहे. आपल्या आजीच्या तोंडी ‘चिटाचा परकर’, ‘चिटाची गोधडी’ असे शब्द असत. ही चीट म्हणजे हिंदीतली छींट, आणि इंग्रजीतले ‘चिंट्झ’ तिच्यावरूनच आले. मच्छलीपट्टणमच्या बाजूचे कारागीर तुरटीच्या आधाराने लाल आणि लोखंडाच्या पाण्याने काळा रंग असा पक्का बसवत की धुण्याने तो उतरत नसे. युरोपला ही विद्या ठाऊक नव्हती. तिथल्या श्रीमंतांच्या पलंगांवर आपले पलंगपोश गेले, ‘पालमपोर’ हे नाव घेऊन. मग तिथले विणकर चिडले. फ्रान्सने १६८६ मध्ये असल्या कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालायलाच काय, घरातल्या सामानाला वापरायलाही मनाई केली. एका पडद्यासाठी कायदा करावा लागला! ज्यांनी ती फुले काढली त्यांची नावे मात्र कुठे लिहून ठेवलेली नाहीत.

आता या मुलीच्या टेबलाकडे येऊ. पहिल्या खेपेस तिने मोबाईलवरून एक गुलाब घेतला, गिरवला, रंगवला. बाईंनी तो परत केला आणि विचारले, “हा तू कधी पाहिलास?” असे गुलाब बाजारात हजारो आहेत. तेव्हा ती सुटीत घरी आली असता सटाण्याच्या बाजूला डाळिंबाच्या बागेत गेली. डाळिंबाच्या फुलाला उर्दूत गुलनार म्हणतात. जवळून पाहिले तर त्याची मजा पाकळ्यांपेक्षा खालच्या जाड, मेणासारख्या पेल्यात आहे. पाकळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या बाहेर येतात, दोन दिवसांत गळतात, आणि पेला तसाच राहून फळाच्या डोक्यावरचा मुकुट होतो. तिने कळीपासून फळापर्यंतच्या सगळ्या अवस्था वहीत काढल्या. वही आम्ही पाहिली. पहिल्या पानांवर हात चाचपडतो आहे, पुढे तो धीट होतो.

फूल छान आले म्हणजे डिझाइन झाले असे नाही. खरी कसोटी ‘रिपीट’ची. कापडावर तेच चित्र मीटरभर, हजार मीटर फिरून फिरून येते, आणि सांधा कुठे आहे हे कळता कामा नये. ती हाताने करायची पद्धत सोपी आहे : मधोमध चित्र काढायचे, कागदाचे चार सारखे तुकडे करायचे आणि त्यांची अदलाबदल करून बाहेरच्या कडा मध्यावर आणायच्या. मग मध्ये जी पोकळी पडते ती पाने-वेलींनी भरायची. शेजारची रांग अर्ध्याने खाली सरकवली की त्याला हाफ ड्रॉप म्हणतात. त्यामुळे फुले शिपायांसारखी ओळीत उभी दिसत नाहीत. तिचा पहिला नमुना टेबलावर सुंदर होता. खिडकीला टांगला तर दोन फुलांमधल्या मोकळ्या जागा जुळून आडवे पट्टे दिसू लागले. पुन्हा बैठक मारली.

मापांचीही सक्ती असते. कारखान्यातल्या रोटरी छपाईच्या जाळीदार नळ्याचा घेर साधारण ६४ सेंटीमीटर. म्हणून चित्राची उंची ६४, ३२ किंवा १६ अशी, पुरती भागणारी घ्यावी लागते. प्रत्येक रंगाला वेगळा नळा, म्हणजे वेगळा खर्च. तिने सात रंगांचे गुलनार चार रंगांवर आणले. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच, उशीचा गिलाफ १६ इंचांचा. फूल १८ इंचांचे काढले तर गिलाफावर अर्धेच येणार.

आम्हाला सर्वांत आवडला तो दस्तरख्वानाचा विचार. पडद्यावरचे फूल उभे असते, कारण पडदा सगळे एकाच बाजूने पाहतात. दस्तरख्वानाला माणसे दोन्ही बाजूंनी बसतात. फुले एकाच दिशेची असली तर समोरच्या पाहुण्यासमोर ती उलटी येतात. म्हणून तिने फुले दोन्हीकडे तोंड करून वळवली. जमिनीचा रंगही गडद घेतला, कारण सालनाची हळद सुती कापड सोडत नाही. हे पुस्तकात नव्हते. जिने लहानपणापासून दस्तरख्वान उचलून झटकला आहे, तिलाच ते सुचू शकते. पडद्याच्या रंगांची चाचणी उन्हासाठी होते, १ ते ८ या मापावर. सोफ्याची घासण्यासाठी.

नमुना छापायला तिने घरच्याच मागावरचे कापड घेतले. रंग नीट बसेना, डाग-डाग आले. तिने फोन केला तेव्हा अब्बू एवढेच म्हणाले, “बेटा, ताण्याला खळ असते. ती निघाल्याशिवाय कापड रंग पिणार कसं?” मग कापड गरम पाण्यातून कसे काढायचे, किती वेळ ठेवायचे, हे त्यांनी अर्धा तास समजावले. तीन वर्षांत तिच्या अभ्यासावर अब्बू प्रथमच एवढे बोलले, असे अम्मी आम्हाला हळूच म्हणाली.

ज्या घरांत अशी आवड असलेली मुले-मुली आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा जरूर द्याव्यात. बारावीनंतर मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, अहमदाबादची एनआयडी आणि निफ्ट, जिचे एक केंद्र खारघरला आहे, इथे हा विषय शिकवला जातो. प्रवेश परीक्षांची तयारी अकरावीतच सुरू करावी. शिष्यवृत्तीची चौकशी फी भरायच्या आधी करावी, नंतर नव्हे. आणि पहिल्या वर्षापासून प्रत्येक रेखाटन तारखेसह जपून ठेवावे. नोकरी मागताना तीच वही पुढे ठेवायची असते.

चौथ्या वर्षाच्या फीचे अजून ठरलेले नाही. भिशी यंदा अम्मीच्या वाट्याला उशिरा येणार आहे. बडे अब्बांनी नमुन्याचे कापड मात्र हातात घेऊन उजेडात धरले, उलटे करून पाहिले आणि विचारले, “चार रंगांच्या नळ्यांना किती पडतील?” ती सध्या तोच हिशोब करते आहे.