जुनी जीप घेताय? आधी इंजिन नंबर बघा
गडचिरोलीत कुणाच्या गोठ्यात जुनी जीप दिसली, की वाटतं, घेऊन घरीच दुरुस्त करू. थांबा! महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अशा बऱ्याच पेट्रोल जीपमध्ये मालकांनी पुढे डिझेल इंजिन बसवलं. गोची इथेच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तरच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. म्हणून पैसे देण्याआधी चॅसिस आणि इंजिनवरचे नंबर घासून स्वच्छ करा, मोबाइलने फोटो काढा, आरसीशी जुळवा. आणि हो, व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढंच. रोज फिरवायचीय? मग साधी नोंदणीच ठेवा, पण बदललेलं इंजिन आरसीवर नोंदलेलं हवं.