चुकले, पण ढळले नाहीत

तत्त्वाच्या गोष्टी बोलणाऱ्या माणसाचा पाय घसरला, की आपल्याला मनातून थोडे बरे वाटते. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण जिभेवर तयारच असते. त्याची तत्त्वे मुळातच खोटी होती, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. त्यात एक सोयही असते. तो खोटा ठरला, म्हणजे आपल्याला काही पाळायचे कारण उरत नाही! पण चूक झाली म्हणजे निष्ठा खोटी, हे गणित खरे आहे का? आपल्याच पुण्यातली दोन जुनी उदाहरणे या बाबतीत पाहण्यासारखी आहेत.

पहिले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते, सरकारी न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले एक प्रमुख नाव होते. आता ते स्वतः एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. नेमकी हीच धास्ती त्यांच्या वडिलांना होती. त्यांनी घाईने एक मुलगी पाहिली, लग्न ठरवले आणि मुलाने नकार दिला तर संबंध तुटतील, अशी निर्वाणीची भाषा केली. रानड्यांनी विनवण्या केल्या, मुदत मागितली आणि शेवटी मान तुकवली. डिसेंबर १८७३ मध्ये लग्न झाले. मुलगी अकरा वर्षांची होती.

ही चूक लहान नव्हती. पितृभक्तीचे कारण पुढे करून ती झाकताही येत नाही. एका विधवेचे आयुष्य उजळू शकले असते, ते राहिले. शिवाय ज्या चालीविरुद्ध सुधारक बोलत होते, तीच चाल एका सुधारकाच्या घरात आली. हे धाडस त्या काळी अशक्य होते, असेही म्हणता येत नाही. वीस वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि समाजाचा बहिष्कार सोसला.

मग रानड्यांपुढे काय मार्ग होते? 'समाज अजून तयार नाही' असे म्हणून आपली मते मवाळ करावीत, हा एक. 'आता कोणत्या तोंडाने बोलू' म्हणून सुधारणेच्या कामातून अंग काढून घ्यावे, हा दुसरा. दोन्ही मार्ग सोपे होते आणि दोन्हींना जगाने समजून घेतले असते. रानड्यांनी तिसरा मार्ग धरला. घरात आलेल्या त्या मुलीला त्यांनी शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. त्या मुलीला टोमणे आणि अबोला सोसावा लागला, पण शिकवणे थांबले नाही. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. पुढे १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा उभी राहिली, तिच्या संस्थापकांत रानडे होते. १९०१ साली रानडे गेले, तेव्हा रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. १९०९ मध्ये त्यांनी पुण्याच्या सेवासदनाची उभारणी केली आणि कितीतरी निराधार स्त्रियांना शिक्षणाचा, स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा रस्ता मिळाला.

याने १८७३ ची चूक पुसली गेली, असे कोणी म्हणू नये. चुका पुसल्या जात नसतात. पण चुकलेल्या माणसाने आपले मूल्य टाकून दिले नाही, एवढे मात्र यातून दिसते.

दुसरे उदाहरण रानड्यांच्याच शिष्याचे. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगचा कहर होता आणि घरे तपासणाऱ्या गोऱ्या सोजिरांविषयी लोकांत संताप होता. गोखल्यांना पुण्याहून पत्रे आली. त्यांत सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा गंभीर आरोप होता. लिहिणारी माणसे विश्वासातली होती. गोखल्यांनी तो आरोप इंग्लंडच्या वृत्तपत्रातून जगापुढे मांडला. एकच गहजब झाला आणि सरकारने पुरावा मागितला.

गोखले परत आले, तेव्हा वातावरण पार बदलले होते. रँडचा खून झाला होता, टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली होती. पुरावा घेऊन पुढे यायला कोणी धजेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून गोखल्यांना आपली मान सोडवून घेता आली असती. त्यांनी ती सांगितली नाहीत. ज्याचा पुरावा देता येत नाही, ते आपण बोलायला नको होते, असे ठरवून त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांची आणि प्लेगच्या कामावरील सैनिकांची जाहीर व बिनशर्त माफी मागितली. तेव्हा तेही एकतीस वर्षांचेच होते.

त्या माफीची त्यांना जबर किंमत द्यावी लागली. देशात त्यांना भेकड म्हटले गेले, तिकडे इंग्लंडात खोटारडे. घरात तोंड लपवून बसावे, असे ते दिवस होते. गोखले पुण्यातच प्लेगनिवारणाच्या कामाला लागले. दोन वर्षांनी ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. पुढे त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणे गाजली ती आकड्यांच्या चोखपणामुळे.

या दोन चुका सारख्या नाहीत. एकाने आपले मूल्य माहीत असून दबावापुढे माघार घेतली. दुसऱ्याने चांगल्या हेतूने, पण शहानिशा न करता तोंड उघडले. भरपाईही वेगळी. पहिल्याला झालेली गोष्ट मागे घेता येत नव्हती, म्हणून त्याने ती पुढे आयुष्यभर सावरली. दुसऱ्याला आपला शब्द मागे घेता येत होता, तो त्याने घेतला. मात्र दोघांनी एक गोष्ट केली नाही. आपल्या चुकीला बसेल असे माप त्यांनी मूल्याला लावले नाही.

आपल्या घरात नेमके हेच घडत असते. 'खोटे बोलू नये' असे शिकवणारे बाबाच एखाद्या दिवशी मुलाला सांगतात, 'फोन घे आणि मी घरी नाही म्हणून सांग.' मूल गोंधळून बघते. आता बाबा काय करतात, यावर पुष्कळ काही ठरते. 'व्यवहारात असे चालायचेच' म्हणाले, तर मूल व्यवहार शिकते. मुलावरच खेकसले, तर ते भिते, आणि पुढे लपवायला शिकते. पण बाबांनी संध्याकाळी त्या माणसाला स्वतः फोन केला, 'मघाशी घरीच होतो, पैशांची जुळणी झाली नव्हती म्हणून टाळले' असे सांगितले आणि ते मुलाने ऐकले, तर? बाबांची मान क्षणभर खाली जाईल, त्या माणसाची दोन बोलणीही ऐकावी लागतील. पण खरे बोलणे किती अवघड असते आणि तरी बोलता येते, हे त्या मुलाला एका संध्याकाळी कळेल.

मुलांना न चुकणारे आईबाप लागत नाहीत. तसे ते कोणाला मिळतही नाहीत. चुकल्यावर आपले आईबाप कुठे वळतात, हे मात्र ती बारकाईने पाहत असतात.