म्हशीचा ओव्हरटाइम

कागल पंचतारांकित एमआयडीसीकडे पहिल्या पाळीला निघालेल्या एखाद्या मोटारसायकलीच्या हँडलला एका बाजूला जेवणाचा डबा दिसतो आणि दुसऱ्या बाजूला रिकामी किटली. दूध डेअरीला घालून झालेलं असतं. किटली घरी टाकायला वेळ मिळालेला नसतो, इतकंच.

शहरात नोकरीसोबतच्या अशा दुसऱ्या कामालाच मूनलायटिंग म्हणतात आणि त्यावर वादळं उठतात. ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोच्या रिशद प्रेमजींनी ही सरळ फसवणूक असल्याचं म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये स्विगीने मात्र आपल्या लोकांना बाहेरची कामं करायला अटींसह मोकळीक दिली. कागलच्या कामगाराला या वादाचं फारसं सोयरसुतक नाही. एका कारखान्यात काम करून त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात उभं राहायला १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ६० व्या कलमानेच मनाई केली होती आणि नव्या कामगार संहितेतही ते बंधन आहे. गोठ्याला ते लागू नाही.

मग परवडतं का? हिशोब मांडून बघू. आकडे समजुतीपुरते, ज्याने त्याने आपले घालावेत. समजा पगार १८ हजार, दिवस २६, पाळी आठ तासांची. तासाला साधारण ८६ रुपये पडतात. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे १७० च्या वर. आता म्हैस. दिवसाला आठ लिटर दूध, लिटरला ५० रुपये, म्हणजे ४०० रुपये. त्यातून वैरण, पेंड, औषधपाणी यांचे २४० वजा करा. राहिले १६०. शेण काढणं, वैरण आणणं, पाणी दाखवणं, दोन वेळची धार आणि डेअरीची फेरी मिळून चार तास तरी जातात. तासाला ४० रुपये. त्यात म्हैस दहा महिने दूध देणार आणि मग तीन-चार महिने भाकड बसून खाणार. खरेदीचे हप्ते तर अजून धरलेच नाहीत.

म्हणजे ओव्हरटाइमच्या एका तासासमोर गोठ्याचा तास पाव किमतीचाही नाही. तरीही दावणीची म्हैस कोणी सोडत नाही, आणि ते लोक हिशोबात कच्चे आहेत म्हणून नव्हे.

ओव्हरटाइम ऑर्डरीवर चालतो. गाड्यांचा खप मंदावला की इथल्या कारखान्यांतल्या कास्टिंगची मागणी घटते, आणि सगळ्यात आधी जादा तास बंद होतात. त्यानंतर कंत्राटी माणसं. दूध मात्र रोज निघतं आणि बिल दर दहा दिवसांनी. मार्च २०२० मध्ये कारखान्यांचे भोंगे थांबले तेव्हाही दुधाचं संकलन चालू होतं. नोकरी पीएफ देते, ईएसआयचं कार्ड देते, बँकेत कर्जासाठी पगाराची स्लिप देते. यातलं काहीही म्हैस देत नाही. पण महिन्याच्या २० तारखेला किराणा उधारीवर आणायची वेळ ती टाळते. तिच्याकडे कमाई म्हणून पाहिलं तर ती तोट्यात जाते आणि विमा म्हणून पाहिलं तर चालून जाते, असं माझं मत. (कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं ‘गोकुळ’, १९६३ चं. इथली पंचतारांकित वसाहत त्याच्या कितीतरी नंतरची. तेव्हा जोडधंदा नेमका कुठला, गोठा की नोकरी, हे एकदा ठरवायला हवं.)

सगळ्याच जोडकामांना हे लागू नाही. पाळी संपवून कोल्हापुरात खाण्याची पार्सलं पोचवायची तर जायला वीस आणि यायला वीस किलोमीटर. पेट्रोल, टायर आणि झोप वजा केली की हाती येतं ते मोजण्यासारखं राहत नाही. हुपरीकडच्या घरांत पैंजणांचं मजुरीचं काम येतं, ते बसल्या जागी होतं, पण डोळ्यांवर येतं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये हात घालायचा असतो, हेही कुठल्याच हिशोबात येत नाही.

आणि ते चार तास? ते त्याचे नसतातच. तो सकाळची फेरी मारतो, फार तर वैरणीचा भारा आणतो. बाकी सगळं बायको किंवा आई करते. म्हणून तर तासाला ४० रुपयेसुद्धा फायद्यासारखे वाटतात: ज्या हातांची मजुरी कुणी धरतच नाही, त्यांनी मिळवलेला प्रत्येक रुपया वरकडच दिसतो. गावातल्या दुसऱ्याच्या शेतात ती भांगलायला गेली असती तर संध्याकाळी रोज मिळाला असता.

दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा बोनस आणि दुधाचा फरक, म्हणजे घातलेल्या दुधावर मागाहून मिळणारी जादा रक्कम, मागेपुढे येतात. बोनसच्या यादीत त्याचं नाव असतं. डेअरीतल्या फरकाच्या यादीतही बहुतेकदा त्याचंच. ती तेव्हा गोठ्यात असते. संध्याकाळची धार राहिलेली असते.