कान टोचल्यावर गाठ वाढतेय?

कानाच्या पाळीवर किंवा मुरमांनंतर छाती-खांद्यावर टणक, खाजरी गाठ येते. जखमेची हद्द ओलांडून पसरली तर तो केलॉइड. जखमेपुरतीच उंच राहिली तर हायपरट्रॉफिक व्रण, जो हळूहळू थोडा बसतोही.

उपाय:

🔹 गाठीतच स्टेरॉइडचं इंजेक्शन, साधारण दर ४ ते ६ आठवड्यांनी. गाठ मऊ पडते, खाज कमी होते.

🔹 सिलिकॉन जेल किंवा पट्टी: जखम भरल्यावर, रोज १२ तासांहून जास्त, काही महिने.

🔹 क्रायोथेरपी: द्रव नायट्रोजनने गोठवणं. सावळ्या त्वचेवर फिकट डाग राहू शकतो.

🔹 केलॉइड नुसता कापला तर बहुतेकदा परत येतो. म्हणून शस्त्रक्रियेला इंजेक्शन, रेडिएशन किंवा कानाला दाब देणाऱ्या क्लिपची जोड हवी.

घरी गाठीला दोरा बांधू नका. त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा!